वार्ताफलक पुसायचा की ठेवायचा?

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यातला मुख्य भाग असा:

"आमच्या शाळेत जिन्याजवळ एक वार्ताफलक आहे. दर सोमवारी मी त्यावर विज्ञानातली एक ताजी बातमी लिहिते आणि परिपाठात ती वाचली जाते. एप्रिल २०२५ मध्ये मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पृथ्वीबाहेर जीवसृष्टीची खूण सापडली!' मुलं हरखून गेली. पुढे वाचनात आलं की इतर शास्त्रज्ञांना तो निष्कर्ष मान्य नाही. मी तेही वर्गात सांगितलं. तेव्हा नववीतल्या एका मुलाने विचारलं, 'बाई, मग पुस्तकातलं तरी कशावरून खरं? उद्या तेही बदललं तर?' वर्ग हसला आणि मला उत्तर सुचलं नाही. नंतर पालक सभेत एक गृहस्थ म्हणाले, 'शास्त्रज्ञांचं आज एक, उद्या एक. आमचं पंचांग बरं, ते बदलत तरी नाही. अशांच्या भरवशावर पोरांना गोवर-रुबेलाची लस टोचून घ्यायची का?' आमच्या मुख्याध्यापकांचं म्हणणं, फलकावर शास्त्रज्ञांच्या जयंत्या आणि पाठ्यपुस्तकातली माहिती लिहावी, वादाचं काही नको. मी मुलांशी खोटं बोलले का? फलक बंद करू का?"

ताई,

तुम्ही मुलांशी खोटं बोलला नाहीत, हे आधी सांगते. त्या आठवड्यात जगभरच्या वर्तमानपत्रांनी जे छापलं तेच तुम्ही फलकावर लिहिलंत. पुढे शंका निघाल्या तेव्हा त्याही वर्गात जाऊन सांगितल्यात. हे दुसरं काम फार थोडे लोक करतात.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र मला खटकली. शंका सांगावी लागली म्हणून तुमची, आणि तुमच्याबरोबर विज्ञानाचीही पत गेली, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं खरंच झालं का, हे ठरवण्याआधी ती बातमी ज्या ग्रहाची होती त्याची हकीकत जरा सावकाश पाहू.

के२-१८बी हा ग्रह आपल्यापासून सुमारे १२४ प्रकाशवर्षं दूर आहे. सिंह तारकासमूहातल्या एका लाल, मंद ताऱ्याभोवती तो ३३ दिवसांत एक फेरी मारतो. केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०१५ साली तो सापडला. वस्तुमान पृथ्वीच्या साधारण साडेआठ पट, त्रिज्या अडीच पटींहून जास्त. तो आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून आपल्याकडे येतो, आणि वातावरणातले वायू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात. जेम्स वेब दुर्बिणीने हाच प्रकाश टिपला. केंब्रिज विद्यापीठातले निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये त्यात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड असल्याचं सांगितलं. डायमिथाइल सल्फाइड नावाच्या वायूचा अगदी पुसट माग लागतो आहे, असंही नोंदवलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, तयार करतात, म्हणून त्याला एवढं महत्त्व. एप्रिल २०२५ मध्ये वेबच्याच दुसऱ्या उपकरणाच्या निरीक्षणांवरून त्यांनी सांगितलं की हा वायू, किंवा त्याचा भाऊबंद डायमिथाइल डायसल्फाइड, तिथे असावा. खात्रीची पातळी होती तीन सिग्मा. शोध लागला असं म्हणायला पाच सिग्मा लागतात आणि तिथवर पोचायला वेब दुर्बिणीचे आणखी १६ ते २४ तास हवेत, हेही त्यांच्या गटाने तेव्हाच सांगितलं होतं. मधुसूदन वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात अभियांत्रिकी शिकलेले आहेत, हे मुलांना जरूर सांगा.

पुढे काय झालं? ऑक्सफर्डच्या जेक टेलर यांनी तीच निरीक्षणं घेतली आणि विचारलं की या प्रकाशाच्या आलेखात सपाट रेषेपलीकडे काही आहे का. त्यांना ठाम असं काही दिसलं नाही. शिकागो विद्यापीठातल्या गटाने सगळ्या उपकरणांची निरीक्षणं एकत्र करून पाहिली. पुरावा अपुरा ठरला. अ‍ॅरिझोनातले लुइस वेलबँक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दुसरे अनेक रेणू घेतले तरी आलेख तितकाच जुळतो. शिवाय हाच वायू ६७पी नावाच्या धूमकेतूवरही सापडला होता, आणि तिथे प्लवक असण्याचा प्रश्नच येत नाही.

यातले वेलबँक्स हे मधुसूदन यांचेच विद्यार्थी. त्यांच्याच हाताखाली त्यांनी केंब्रिजमध्ये पीएचडी केली. गुरूने जे मांडलं ते शिष्याने तपासलं, पटलं नाही ते सगळ्यांसमोर मांडलं, आणि गुरूने पुन्हा नवी आकडेमोड करून उत्तर दिलं. ताई, तुम्ही शिक्षिका आहात. एवढ्या एका गोष्टीवर अख्खा तास घेता येईल.

आता मला सांगा, या सगळ्यात रद्द काय झालं? ग्रह आहे, त्याचं वस्तुमान ठाऊक आहे, त्याचं वर्ष ३३ दिवसांचं आहे, वातावरणात मिथेन आहे, यांबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो एका वायूबद्दल, आणि तो वायू असलाच तर तो सजीवांनीच केला का याबद्दल. फलकावरच्या त्या एका ओळीत मात्र पक्कं आणि कच्चं एकाच जाडीच्या अक्षरांत आलं. दुरुस्त करायचं ते एवढंच, आणि ते करण्यासारखं आहे.

तीन सिग्मा म्हणजे काय, हे मुलांच्या हाताला कळेल असं करा. जीवसृष्टी असण्याची शक्यता ९९.७ टक्के, असं अनेकांनी लिहिलं; तो त्याचा अर्थ नव्हे. तसा वायू नसतानाही, निव्वळ योगायोगाने एवढा ठळक संकेत दिसण्याची शक्यता हजारात तीन, असा तो अर्थ. नाणं सलग आठ-नऊ वेळा उडवून दर वेळी छापाच पडावा, साधारण तेवढी. एका मुलाने वर्गात तसं केलं तर सगळे चकित होतील. पण शाळेतल्या अडीचशे-तीनशे मुलांना मैदानावर उभं करून प्रत्येकाला आठ वेळा नाणं उडवायला लावा. सलग आठ छापे पडलेलं एखादं मूल बहुधा निघेलच, आणि त्याच्या नाण्यात काहीही खोट नसेल. जगात रोज किती दुर्बिणी, किती प्रयोगशाळा, किती आकडेमोडी चालू असतात याचा विचार केला की तीन सिग्माच्या बातम्या अधूनमधून का येतात आणि त्यातल्या बऱ्याच का विरून जातात, हे मुलांना आपोआप उमगेल. पाच सिग्मासाठी सलग एकवीस-बावीस छापे लागतात. तो प्रयत्न मुलांना मधल्या सुट्टीत करू दे.

अशीच पातळी असलेली दुसरी एक बातमी आपल्या जवळची आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. जून २०२३ मध्ये युरोपातल्या आणि भारतातल्या गटांनी मिळून, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीनमधल्या गटांबरोबर एकाच वेळी जाहीर केलं की अवकाशात फार मंद लयीच्या गुरुत्वीय लहरींची सतत चाललेली हालचाल असल्याचा पुरावा मिळतो आहे. ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणाऱ्या स्पंदक ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षं मोजून हे हाती आलं, आणि आपल्या गटाने त्यासाठी खोडदची निरीक्षणं वापरली. भारत-युरोप गटाची खात्री इथेही तीन सिग्माच्या आसपास होती. त्यांनी पुरावा मिळाला एवढंच म्हटलं, शोध लागल्याचा दावा केला नाही, आणि माहिती गोळा करत राहिले. या दोन बातम्या फलकावर शेजारी शेजारी लावल्या तर तुमचं अर्धं काम होईल.

आता त्या नववीतल्या मुलाकडे वळते. वर्ग हसला म्हणून तुम्हाला तो उद्धटपणा वाटला असेल, पण तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य त्याचंच आहे. त्याला उत्तर द्यायलाच हवं, आणि ते सगळ्या वर्गासमोर द्यायला हवं. पुस्तकातलं कधीच बदलत नाही, असं मात्र सांगू नका. प्लूटो २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून गेला, हे त्याला ठाऊक असणारच.

त्याला सांगा की ताजी बातमी आणि पुस्तक यांची टक्कर होते तेव्हा बहुतेक वेळा माघार घ्यावी लागते ती बातमीला. सप्टेंबर २०११ मध्ये बातमी आली होती की न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा वेगाने धावले. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेपासून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंतच्या ७३० किलोमीटरच्या वाटेवर ते ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्याचं मोजमाप होतं. आइनस्टाइन चुकले, असे मथळे झाले. काही महिन्यांत कारण सापडलं: एक ऑप्टिकल फायबरची केबल नीट बसलेली नव्हती. दुसरी हकीकत म्यूऑन या कणाची. त्याच्या चुंबकीय गुणधर्माचं मोजमाप सिद्धांताच्या आकड्याशी जुळत नव्हतं. २००१ पासून ही कुरकुर होती आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅबने ती ४.२ सिग्मापर्यंत नेली. भौतिकशास्त्राची पुस्तकं नव्याने लिहावी लागणार, असं तेव्हा वाटलं. जून २०२५ मध्ये फर्मीलॅबचं अंतिम मोजमाप आलं, आधीच्यापेक्षाही नेमकं. पण दरम्यान सिद्धांताच्या बाजूची आकडेमोडही नव्या पद्धतीने झाली होती, आणि तिच्याशी ताडून पाहता फरक उरला नाही. प्रयोग बरोबरच होता. सिद्धांतातून काढलेला आधीचा आकडा तेवढा सुधारावा लागला.

तरी पुस्तक कधीकधी बदलतं, हेही त्याला मोकळेपणाने सांगा. विश्वाचं प्रसरण वेग घेत आहे, हे १९९८ मध्ये कळलं आणि त्याला २०११ चं नोबेल मिळालं. त्यामागच्या कृष्ण ऊर्जेचं प्रमाण कायम सारखं असतं, असं आजवर धरलं जात होतं. अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवरच्या 'डेसी' या उपकरणाने जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) मोजले आणि मार्च २०२५ मध्ये सांगितलं की ही ऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असावी. कोणत्या अतिनवताऱ्यांची (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांची) माहिती जोडावी त्याप्रमाणे खात्री २.८ ते ४.२ सिग्मा. म्हणजे नाण्याचे किती छापे, हे आता तुमची मुलं स्वतः काढतील. हा दावा टिकेल की विरेल हे त्यांच्या डोळ्यांदेखत, कदाचित ती कॉलेजात असताना ठरेल.

आणि बदल झाला तरी जुनं सगळं वाहून जात नाही. नववीच्या पुस्तकातला पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे. आइनस्टाइन यांनी त्या नियमांच्या मर्यादा दाखवून शंभर वर्षं झाली. प्रकाशाच्या वेगाजवळ ते लागू पडत नाहीत, हे आता पक्कं ठाऊक आहे. पण एसटीला ब्रेक लागला की उभा माणूस पुढे का झुकतो, हे सांगायला तेच नियम आजही पुरतात. नव्या सिद्धांताला जुन्या सिद्धांताची सगळी बरोबर उत्तरं देता यावी लागतात, आणि वर आणखी काही. त्या मुलाला हे पटलं नाही तर त्याला वाद घालू द्या. मला वाटतं, असं विचारणाऱ्या मुलावर जास्त वेळ खर्च व्हायला हवा.

मुख्याध्यापकांचा सल्ला मी उडवून लावणार नाही. शाळेत एखादं वाक्य कसं घरी पोचतं आणि पालक सभेत कसं परत येतं, याचा त्यांना अनुभव आहे. पण जयंत्या-पुण्यतिथ्यांचा फलक सुरक्षित वाटला तरी तो मुलांना एक चुकीची गोष्ट शिकवतो: विज्ञान म्हणजे थोर माणसांनी केव्हाच पुरं करून ठेवलेलं काम. आणि जयंती प्रामाणिकपणे साजरी करायची म्हटलं तरी वाद टळत नाहीच. जयंत नारळीकर यांचंच उदाहरण घ्या. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेला हा माणूस ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर स्थिर स्थिती विश्वाच्या, म्हणजे विश्वाला आरंभच नाही या मताच्या, बाजूने उभा राहिला. १९६५ मध्ये विश्वाचं पार्श्वप्रारण, म्हणजे सगळ्या आकाशातून येणारं मंद प्रारण, सापडलं आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासह सुधारलेली मांडणी केली, आणि मे २०२५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत महास्फोटाबद्दलचे त्यांचे आक्षेप कायम राहिले. बहुसंख्यांनी ती मांडणी स्वीकारली नाही. तरी त्यांनीच १९८८ मध्ये पुण्यात उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था महास्फोटाच्या चौकटीत काम करणाऱ्यांनाही तितकीच मोकळी राहिली. आपलं मत न मानणाऱ्या तरुणांना जागा, संगणक आणि मोकळीक देणं, याहून मोठा आदर्श मुलांसमोर काय ठेवणार? त्यांच्या जयंतीला, १९ जुलैला, फलकावर हेच लिहा. मुख्याध्यापकांनाही ते आवडेल असं मला वाटतं.

माझी तुम्हाला सर्वांत कळकळीची सूचना आता सांगते. परग्रह बाजूला ठेवा आणि शाळेच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे या.

तुमच्या जिल्ह्यातला तो काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा. भूशास्त्रज्ञांनी त्याच्या थरांना आपल्याच गावांची नावं दिली आहेत: जव्हार, इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. वरच्या थरांच्या गटाला तर वाईचं नाव आहे. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात डायनोसॉर कसे संपले याची चर्चा निघाली की ही नावं निघतात. कारण त्याच सुमारास मेक्सिकोतल्या चिक्शुलूबला अशनी आदळला आणि सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं विवर झालं. डायनोसॉर कशामुळे गेले, त्या आघाताने की आपल्या लाव्हातून निघालेल्या वायूंनी, की दोन्हींनी मिळून, यावर गेली चाळीसेक वर्षं वाद आहे. अल्वारेझ पितापुत्रांनी १९८० मध्ये, अशनींत भरपूर असणाऱ्या इरिडियम धातूच्या थरावरून आघाताची कल्पना मांडली तेव्हापासून.

फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. दोन्ही गटांनी सह्याद्रीच्या घाटांतूनच दगड गोळा केले होते. प्रिन्स्टनच्या गटाने लाव्हाच्या दोन थरांमध्ये दिसणाऱ्या तांबड्या मातीच्या पट्टीतून झिरकॉन या खनिजाचे कण वेचले आणि त्यांतल्या युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून वय काढलं. ही तांबडी पट्टी घाटातून जाताना तुमच्या मुलांनी शंभर वेळा पाहिली असेल. या गटाचा निष्कर्ष असा की लाव्हा चार मोठ्या उमाळ्यांत आला आणि त्यांतला एक आघाताच्या दहा हजारांहून अधिक वर्षं आधी सुरू झाला होता. बर्कलीच्या गटाने लाव्हाच्याच खनिजातला अर्गॉन मोजला. त्यांच्या मते लाव्हा जवळपास सलग वाहत होता आणि त्यातला पाऊण भाग आघातानंतर बाहेर आला. एकाच डोंगररांगेतले दगड, दोन पद्धती, आणि कळीच्या मुद्द्यावर दोन उत्तरं. पण हा लाव्हा आहे, तो साधारण दहा लाख वर्षांच्या आत वाहून गेला, आघात खरोखर झाला, आणि या दोन घटना एकाच काळातल्या आहेत, यावर दोन्ही गटांचं एकमत आहे. पुढच्या संशोधनात आघाताचं पारडं जड झालं, तरी लाव्हाचा वाटा किती हा प्रश्न संपलेला नाही.

मुलांना घेऊन जवळच्या एखाद्या घाटात जा. काळा थर, तांबडी पट्टी, पुन्हा काळा थर, हे वहीत काढायला लावा. दोन बाकांवरच्या मुलांना दोन गटांची बाजू मांडू द्या आणि शेवटी विचारा, दोघांनाही मान्य असलेलं काय आहे? तुमच्या त्या नववीतल्या मुलाला प्रिन्स्टनची बाजू द्या. विदर्भातल्या शिक्षकांना याच धर्तीवर लोणार घेता येईल. तिथलं विवर अशनीचंच, हे १९७३ च्या सुमारास खडकांवरून ठरलं, पण त्याचं वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार आणि दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं येतं.

पालक सभेतल्या त्या गृहस्थांवर रागावू नका. पंचांगाचा विषय त्यांनीच काढला आहे, तर त्यांच्याशी पंचांगावरच बोला. एकोणिसाव्या शतकात जुन्या पंचांगातल्या गणितानुसार जिथे ग्रह हवेत तिथे ते आकाशात दिसेनात. तेव्हा व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यासारख्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाने नव्या वेधांवरून गणित पुन्हा मांडलं. लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीसाठी परिषदा घेतल्या, १९०४ ला मुंबईत आणि १९१९ ला सांगलीत. तेव्हाही कडाक्याचे वाद झाले, आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत आजही काही वर्षी सण वेगळ्या तारखेला येतात. आज पंचांगात दिलेली ग्रहणाची वेळ अचूक निघते, कारण ते सुधारलं गेलं. हे ऐकून त्यांचा अपमान होणार नाही, उलट त्यांना ते आवडण्याचा संभव आहे.

लसीचा मुद्दा मात्र वेगळा आहे आणि इथे मी तुम्हाला सावध करते. सगळेच वाद फलकावर दोन बाजू मांडण्याजोगे नसतात. १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अवघ्या बारा मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) जोडणारा लेख आला. त्यातली लबाडी उघड झाली, २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला आणि मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचा वैद्यकीय परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा मागोवा घेतलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. संबंध आढळला नाही. हा प्रश्न तपासून झालेला आहे. तो 'एक बाजू, दुसरी बाजू' करून मुलांपुढे मांडणं म्हणजे त्यांची दिशाभूल होईल, आणि गोवर मुलांचे जीव घेतो. पालकांच्या मनात भीती असेल तर पुढच्या सभेला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. साप चावल्यावर दवाखान्यात नेण्याबद्दलही हेच. जिथे आज संध्याकाळी निर्णय घ्यायचा आहे, तिथे आज जे पक्कं माहीत आहे ते ठामपणे सांगायचं.

तेव्हा फलक बंद करू नका, पण त्याची रीत बदला. बातमी लिहिताना कोणी म्हटलं, कशावरून म्हटलं, कोणाला पटलेलं नाही आणि पुढे काय दिसलं तर प्रश्न सुटेल, एवढं त्याच चौकटीत येऊ द्या. चार ओळी पुरतात. जे पक्कं आहे त्याला एक रंग, जे तपासणीत आहे त्याला दुसरा. फलकाच्या एका कडेला जुन्या बातम्यांचं पुढे काय झालं याची कायमची जागा ठेवा आणि ती मुलांच्याच ताब्यात द्या. तिथे पहिली नोंद तुमच्या एप्रिलच्या बातमीचीच असावी, तुमच्या सहीने. मुख्याध्यापकांकडे एका सत्रापुरती परवानगी मागा, आणि महिन्यातला एक सोमवार त्यांच्या जयंत्यांना द्या. त्यांचाही मान राहील.

मला अशीच पत्रं पालकांकडूनही येतात. मोबाइलवर आलेलं पुढे धाडावं का, रोज कॉफी चांगली की वाईट हे कसं ठरवावं. त्यांनाही हेच चार प्रश्न उपयोगी पडतील, आणि पाचवा म्हणजे हे माणसांवर पाहिलं की उंदरांवर.

शेवटचं एक. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला जीएमआरटीत विज्ञान प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या शाळा आपले प्रकल्प घेऊन येतात. साताऱ्याहून जाऊन येणं एका दिवसाचं काम आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच चौकशी करा. मैदानावरच्या नाण्यांचे आकडे आणि घाटातल्या थरांच्या आकृत्या, हे दोन तक्ते त्या प्रदर्शनात मांडता येतील, आणि मुलांना जे विचारायचं आहे ते तिथल्या शास्त्रज्ञांना समोरासमोर विचारता येईल.